मानाचा गोळा

चूल काही केल्या पेटेना. फुंकून फुंकून माझे डोळे लाल झाले, आणि माझी धाकटी जाऊ सुली परातीत कणीक तिंबत बसून माझी गंमत बघत होती.

"ताई, आज तुमचा मान मोठा. चूलसुद्धा म्हणत असेल, या बाईनं मला हात लावू नये."

"जास्त बोलू नकोस. तिकडं पूर्णाहुतीची वेळ होईल आणि माझं पुरण इथंच राहील. काहीतरी पेटवायला बघ."

"कागद घाला की खाली. रॉकेल आता कुठलं मिळतंय?"

खंडेनवमी होती. आमच्या खडकवाड्यात त्या दिवशी देवीच्या देवळात होम असतो. जुन्या घरांतली शस्त्रं, म्हणजे पाटलांची तलवार, जगतापांचा दांडपट्टा, कुणाची गुप्ती, कुणाचं भाल्याचं पातं, अशी सगळी घासूनपुसून, तेल लावून होमकुंडाभोवती मांडतात. एकदा मांडलं की दुसऱ्या दिवशी शिलंगणाला निघेपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही, जागचं हलवायचं नाही. कुंडासमोरची जागा मानाची. तिथं ज्याचं शस्त्र, तोच होमाचा यजमान. ती जागा कायम पाटलांकडे. आम्हा बनकरांकडे कसलं आलंय शस्त्र? भाजी पिकवणारी माणसं आम्ही. आमचे हे टेलिफोन खात्यात होते, जमिनीखालच्या केबली शोधायच्या कामावर. दर नवमीला देवळात शेवटच्या रांगेत उभे राहायचे आणि घरी आले की दोन दिवस कुणाशी धड बोलायचे नाहीत.

त्या वर्षी मात्र खुद्द अंकुशदादा पाटील आमच्या ओट्यावर येऊन बसले. देवळाची कमिटी त्यांच्याच हातात. चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "विश्वंभरराव, यंदा समोर तुमचा तो तोफेचा गोळा मांडू. होमाला तुम्ही बसा."

ह्यांनी नुसती मान हलवली. दादा गेल्यावर आत आले, देवघरापुढं उभे राहिले आणि पटकन डोळे पुसले. मी ते पाहिलं, पण पाहिलं नाही असं दाखवलं.

खरं तर यजमानाच्या शेजारी बायकोनं बसायचं. पण पुरणपोळीचा नैवेद्य यजमानाच्याच घरचा लागतो, आणि मी तिथं बसले असते तर इथं चुलीशी कोण? म्हणून मुळे गुरुजींनी तोड काढली. माझ्या जागी पाटावर सुपारी मांडायची, आणि पूर्णाहुतीला मी नैवेद्य घेऊन हजर व्हायचं. माझं एवढं धिप्पाड शरीर आणि माझ्या जागी सुपारी! सुली त्यावरून सकाळपासून मला छळत होती.

गोळा कसा मिळाला ते सांगते. निवृत्त झाल्यावर ह्यांनी धातू शोधायचं यंत्र आणलं. लांब दांड्याला खाली थाळी, कानाला हेडफोन. रानातून ते यंत्र डावीकडे-उजवीकडे फिरवत चालायचे. लोकांना वाटायचं फवारणी चाललीय. यंत्र केकाटलं की हे बसून खुरप्यानं उकरायचे, आणि जे निघेल ते ओळखून दाखवायचे. ओळखण्यात मात्र माझा नवरा फार उदार. बैलगाडीच्या आसाची खीळ सापडली की तो अंकुश, म्हणजे हत्तीचा. नांगराच्या फाळाचा तुकडा सापडला की ते भाल्याचं टोक. एकदा शाळेच्या प्रदर्शनात ह्यांनी एक पितळी वस्तू मखमलीवर ठेवली होती. खाली चिठ्ठी, 'सरदाराच्या शिरस्त्राणाचा कळस'. मी जवळ जाऊन बघितलं आणि तोंडातून निघून गेलं, "अहो, हा तर आपल्या जुन्या स्टोव्हचा बर्नर!" अख्खी शाळा हसली. हेडमास्तर हसले, पाटील हसले. तेव्हापासून ह्यांनी काहीही आणलं की गाव विचारायचं, "वहिनींना दाखवलं का? बर्नर तर नाही ना?"

पण गोळा आणला त्या दिवशी मला हसायला काही सापडलं नाही. आमच्या मळ्याच्या बांधाला जुन्या गढीचा बुरूज आहे, ढासळलेला. त्याच्या तळाशी चुन्याचा थर फोडल्यावर आतल्या कोरड्या पोकळीत हा बसलेला होता. नारळापेक्षा मोठा, काळा, गोल गरगरीत लोखंडी. हे उपरण्यात गुंडाळून घेऊन आले आणि लहान मूल निजवावं तसा बाजेवर ठेवला.

"तोफेचा गोळा," म्हणाले. "भरीव. बघ, उचलून बघ."

मी उचलला. "भरीव? एवढा मोठा, आणि हा असा हलका?"

"गंजानं खाल्लाय."

"आणि हे भोक कसलं?"

"साखळी अडकवायला. दोन गोळे साखळीनं बांधून उडवायचे पूर्वी."

त्या भोकात लाकडाची खुंटी ठोकलेली होती, वरून लाखेसारखं काहीतरी थापलेलं. ह्यांनी खुंटी उपसली आणि माझी विणायची सुई घेऊन आतली काळी माती वर्तमानपत्रावर खरवडून काढली. थोडी निघाली, बाकीची हट्टानं आतच बसली. मी विचारलं, "साखळी अडकवायची तर वरून बूच कशाला मारलं असेल?"

ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं की माझंच मला कसंतरी झालं. "मालन, प्रत्येक गोष्टीत खोट काढलीच पाहिजे का गं?"

 ती माती ह्यांनी कागदाच्या पुडीत बांधून मागच्या पडवीतल्या फळीवर ठेवली. कुणा जाणकाराला दाखवणार होते म्हणे. पुढं गोळ्याला इतकी माणसं बघायला आली, इतकं हळदकुंकू लागलं त्याला, की पुडी तिथंच राहून गेली.

आणि तीच पुडी, नवमीच्या दिवशी, चूल पेटेना म्हणून मी उचलली. आत काय आहे याचं भानच नव्हतं. जुना कागद म्हणून चुरगाळली, लाकडांखाली सारली, काडी ओढली.

फस्स करून असा भडका उठला की मी मागच्या मागे पडले. पांढऱ्या धुराचा लोट पडवीभर झाला. सुली परात टाकून उठली.

"अगं बाई! ताई! लागलं का? आणि हा वास कसला? दिवाळी आली की काय?"

तिनं दिवाळी म्हटलं आणि माझ्या डोक्यात लख्ख झालं. वास तोच होता. भुईनळ्याचा, लवंगी फटाक्याचा. खाली बघितलं तर पुडीतून सांडलेले काळे दाणे चुलीपुढं पडले होते. मातीसारखी ढेकळं नाहीत, मोहरीसारखे दाणे. चिमटीत घेतले, विस्तवावर टाकले. पुन्हा फस्स.

"सुले," मी म्हटलं, "गोळ्यात माती नाही गं. दारू आहे. तोफेची दारू."

"कुठल्या गोळ्यात?"

"कुठल्या काय! हे ज्याच्यापुढं बसलेत त्या!"

सुलीनं तोंडावर हात ठेवला. "पण तो तर होमाच्या... ताई, मी मघाशी निरांजनाची वात द्यायला देवळात गेले होते. गुरुजी म्हणाले, बरं झालं, गोळ्याला आयतं भोक आहे. त्यांनी त्यात ऊदबत्ती खोचलीय."

 आपली माणसं तशी आहेतच. केळ्यात खोचतील, लिंबात खोचतील, बटाट्यात खोचतील. भोक दिसलं की ऊदबत्ती. मी उरलेले दाणे पदराच्या टोकाला बांधले आणि पळत सुटले. पायात चप्पल नाही, हात कणकेचे नि राखेचे. मागून सुली ओरडत होती, "ताई, सांभाळून!" देवळाच्या कर्ण्यावरून गुरुजींचे मंत्र सगळ्या गावावर चालले होते. प्रत्येक 'स्वाहा' ऐकला की जिवाला हायसं वाटायचं. म्हणजे अजून आहेत.

देवळाच्या मंडपात ही गर्दी. बायका एका बाजूला, तालमीतली पोरं दुसऱ्या बाजूला, आणि मधे कुंडाभोवती दोरी बांधलेली. मी बायकांच्या मधून घुसत दोरीपर्यंत गेले. समोर हे बसलेले. सोवळं नेसून, कपाळाला मळवट, पाठ ताठ. आयुष्यात मी त्यांना इतकं ताठ बसलेलं पाहिलं नव्हतं. शेजारच्या पाटावर माझी सुपारी. पुढं कुंडात ज्वाळा, आणि कुंडाच्या काठाला, ह्यांच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर, झेंडूच्या माळेत तो गोळा. त्याच्या भोकात ऊदबत्ती. काडीचा उघडा भाग पुरता आत गेलेला, मसाला भोकाच्या काठाला टेकलेला, आणि लाल ठिणगी बोटाच्या पेराएवढी वर राहिलेली.

"गोळा हलवा!" मी ओरडले. "अहो, ऐका! ती ऊदबत्ती काढा! गोळ्यात दारू आहे!"

कर्ण्याच्या आवाजात अर्ध्यांना ऐकूच गेलं नाही. ज्यांना गेलं त्यांच्यात खसखस पिकली. तालमीच्या बाजूनं कुणीतरी म्हणालं, "वहिनी, हासुद्धा बर्नर का?" आणि ही हास्याची लाट उसळली.

"हसताय काय! जीव जाईल एखाद्याचा!" मी दोरी उचलून आत शिरायला लागले, तर अंकुशदादा आडवे आले.

"वहिनी, थांबा. संकल्प सुटलाय. मधे कुणी यायचं नाही."

"दादा, पाया पडते तुमच्या. आत्ता घरी चुलीत भडका उडाला. ती माती नाही, दारू आहे. ती ऊदबत्ती आत उतरली तर—"

"दोनशे वर्षांपूर्वीची दारू? ती काय आता पेटतेय?" दादा समजावणीच्या सुरात म्हणाले. "आणि मांडलेलं शस्त्र शिलंगणापर्यंत हलत नाही. हे तुम्हाला मी सांगायचं का? गुरुजी, तुम्ही चालू ठेवा."

गुरुजींनी माझ्याकडे बघितलं, कपाळाला आठी घातली आणि पळीनं तूप सोडलं. ज्वाळा वर उसळली. एक ठिणगी उडून गोळ्याच्या माळेवर पडली, झेंडूची एक पाकळी वळली. 

मग ह्यांनी मान वळवली. मला वाटलं, ह्यांना कळलं. पण त्यांच्या डोळ्यांत बघितलं आणि समजलं, तसं काही नाही. शाळेच्या प्रदर्शनातलाच चेहरा होता तो. हळूच, दोघांनाच ऐकू जाईल असं म्हणाले, "मालन, आज नको."

ते ऐकून मला रडू फुटलं. कारण बरोबरच होतं त्यांचं. सगळ्या जन्मात एकच दिवस मिळाला होता माणसाला, आणि बायको दोरीशी उभी राहून तोही हिसकून घ्यायला आली होती. 'अहो' म्हणून हाक मारली तर हे ऐकणार नाहीत. अहो तर मी रोजच म्हणत होते. अहो, चहा झाला. अहो, हा तर बर्नर. ऊदबत्ती आता नखाएवढी उरली होती.

"विश्वंभर!"

कुठून आला तो आवाज कोण जाणे. "विश्वंभर, ऊठ! ऊठ म्हणते ना! विझव ती!"

कर्ण्यात मंत्र थांबले. मंडपात कुणी हलेना. आमच्या वयाच्या बाईनं नवऱ्याचं नाव घ्यायचं ते उखाण्यात, तेही लाजत लाजत, चार बायकांनी आग्रह केल्यावर. आणि मी भर होमात, सगळ्या गावादेखत, नुसतं नाव घेतलं नव्हतं, अरेतुरे केलं होतं. शेजारच्या बायकांनी तोंडाला पदर लावले. अंकुशदादांचा आडवा हात खाली आला.

ह्यांनी मात्र माझ्याकडे नुसतं बघितलं. क्षणभरच. चेहऱ्यावरचं ते दुखणं कुठल्या कुठं गेलं. मग ते पुढं वाकले आणि काडी उपसत बसले नाहीत. उपसताना ठिणगी आत पडली असती. त्यांनी अंगठा आणि बोटं भोकावर घातली आणि ती पेटती ठिणगी चिमटीत धरून चिरडली. दात घट्ट आवळले होते. हात काढला नाही, नीट विझल्याची खात्री होईपर्यंत तसाच दाबून धरला. मग खांद्यावरचं उपरणं गोळ्यावर टाकलं आणि तो उचलला.

"विश्वंभरराव!" गुरुजी उभेच राहिले. "मांडलेलं शस्त्र..."

"वाट द्या," हे म्हणाले.

आणि गर्दीनं वाट दिली. आता मात्र पळापळ झाली. आया पोरं उचलून दीपमाळेमागं गेल्या. हे पळाले नाहीत. दुधाचं पातेलं न्यावं तसे सावकाश चालत देवळाबाहेरच्या जनावरांच्या हौदाकडे निघाले. गोळा कुंडाच्या बाजूनं तापलेला होता, उपरण्यातून चटके बसत होते, ते मला त्यांच्या खांद्यांवरून दिसत होतं. मी मागोमाग.

"मागं फिर," हे मान न वळवता म्हणाले.

"नाही."

"मालन, मागं फिर म्हणतो ना."

"तुम्ही मला सुपारी समजलात का, ठेवलं तिथं बसायला?"

चार पावलं गेल्यावर त्यांनी विचारलं, "नक्की दारू आहे?"

"पुडी चुलीत घातली मी. भडका उडाला."

त्यांनी तेवढ्यात डोळ्याच्या कोपऱ्यातून मला बघितलं. "तुझी भुवई कुठाय?"

मी हात लावून बघितला. डाव्या डोळ्यावरची अर्धी भुवई जळून गेली होती, आणि मला पत्ताच नव्हता.

हौदाशी ते गुडघ्यांवर बसले आणि गोळा पाण्यात अलगद सोडला. चर्र झालं. भोकातून बुडबुडे वर आले, एकामागून एक, पुष्कळ वेळ. मग पाणी काळपट झालं. आम्ही दोघं तिथंच ओल्या चिखलात बसून राहिलो.  

मंडपाकडून आवाज वाढू लागला. कुणी म्हणत होतं देवीचा कोप होईल, कुणी म्हणत होतं बाईच्या वेडानं होम मोडला. अंकुशदादा आमच्याकडे आले ते संतापानं थरथरत. "विश्वंभरराव, मी तुम्हाला मान दिला. आणि तुम्ही बायकोच्या एका हाकेवर भरल्या पूजेतून उठलात?"

 मी उठले. मंडपात गेले, दोरी उचलून सरळ कुंडापाशी. या खेपेला कुणी अडवलं नाही. पदराची गाठ सोडली, आतले दाणे चिमटीत घेतले.

"गुरुजी, मागं सरा."

"हे काय आहे?"

"गोळ्यातली माती."

कुंडात टाकले. कसला तो भडका! गुरुजी पळी टाकून खांबामागं गेले. पांढरा धूर मंडपाच्या छतापर्यंत चढला आणि तो दिवाळीचा वास सगळ्यांच्या नाकात शिरला. चिमूटभर होते ते दाणे. लोक कुंडाकडे बघत होते आणि मग हौदाकडे. हसायला आता कुणी उरलं नव्हतं. अंकुशदादा कुंडापासच्या पाटावर मटकन बसले. त्यांची नात दोरीशी सगळ्यात पुढं बसली होती होमाला.

दुपारी तालुक्याहून पोलीस आले आणि संध्याकाळी जिल्ह्याची माणसं. त्यांनी हौद रिकामा केला नाही, गोळा पाण्यासकट पिंपात घालून नेला. त्यांच्यातला साहेब म्हणाला, हा कुलपी गोळा. आतून पोकळ, दारू ठासलेला, भोकात वातीची लाकडी खुंटी. तोफेतून उडून शत्रूत पडला की फुटायचा. हा कुणी उडवलाच नाही. दारू कोरड्या जागी राहिली तर ती म्हातारी होत नाही. ह्यांनी नुसतं विचारलं, "म्हणजे भरीव नव्हता." साहेब म्हणाला, "नाही." ह्यांनी मान खाली घातली.

त्या दिवशी पूर्णाहुती झाली, पण उशिरा. अंकुशदादांनी येऊन पुन्हा आम्हाला नेलं. माझ्या जागची सुपारी गुरुजींनी स्वतः उचलून घेतली. कुंडासमोर शस्त्र नव्हतंच काही, मोकळी जागा होती, आणि तिथं पुन्हा कुणी काही मांडलं नाही.

घरी आलो तेव्हा पुरण आटून घट्ट झालेलं, पोळ्या सुलीनं कशाबशा केलेल्या. ह्यांच्या उजव्या हाताच्या बोटांना मोठे फोड आले होते, दवाखान्यातून पट्टी बांधून आणली होती. ताट वाढलं तर हे नुसते ताटाकडे बघत बसले. मी समोर बसले, पोळी मोडली, तुपात बुडवली.

"तोंड उघडा."

त्यांनी उघडलं नाही. "मालन, देवळात काय म्हणालीस तू?"

"म्हणाले काहीतरी. जिवावर बेतलं होतं. चुकून गेलं तोंडातून, त्याचं काय एवढं?"

"तसं नाही." हे पट्टीकडे बघत होते. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या त्यांच्या, या वयात. "सगळ्या गावानं ऐकलं. मी घाईत होतो. माझंच नीट ऐकायचं राहिलं."

मी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. सुली मागच्या पडवीत भांडी घासत होती. घास त्यांच्या ओठांशी नेला आणि अगदी हळू म्हटलं,

"विश्वंभर, आ कर."